बिनसाखरेची भूमिका

“पेशंट मी होईन,” चिंतामणराव म्हणाले आणि उत्तराबाईंच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबलं.

“कसला पेशंट?”

“मधुमेहाचा. सृष्टीच्या परीक्षेसाठी. तिला माणूस हवाय, मी रिकामा आहे. झालं तर!”

सृष्टी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायची. मूळची नामपूरची, कांदेवाल्या रंगनाथची धाकटी लेक. नाशिक रोडला राहून डी. फार्म. करत होती. पोरगी हुशार. औषधांची नावं, मात्रा, कशाबरोबर काय घ्यायचं नाही, सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. लेखी पेपर सगळे सुटले होते. गाडी अडली होती ती एकाच प्रॅक्टिकलवर, समुपदेशनाच्या. त्यात पेशंटला समोर बसवायचं आणि औषध कसं घ्यायचं, काय टाळायचं हे बाहेरगावच्या परीक्षकांसमोर मोठ्यानं समजावून सांगायचं. मागच्या वर्षी सृष्टीनं तोंड उघडलं, ‘नमस्कार’ बाहेर पडला आणि त्याच्यामागे काहीच आलं नाही. पेशंट झालेल्या मैत्रिणीला तिची दया आली आणि ती उत्तरं कुजबुजायला लागली, तशा दोघीही नापास.

म्हणून यंदा कॉलेजच्या मॅडमनी फर्मान काढलं, की वर्गातला पेशंट चालणार नाही. प्रत्येकानं घरून मोठं माणूस आणायचं, आणि त्याला औषधांतलं ओ की ठो कळता कामा नये.

“त्या अटीत तुम्ही अगदी फिट बसता,” उत्तराबाई म्हणाल्या. “पण तुम्हाला जमेल का? तुमच्या त्या नाटकाचं सांगू का पोरीला?”

“पोळी करपतेय बघ,” चिंतामणराव म्हणाले.

चिंतामणराव नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली होती. नोकरीत असताना तिथल्या हौशी मंडळींनी एकदा नाट्यस्पर्धेत नाटक केलं होतं आणि त्यात चिंतामणराव होते. तेव्हापासून घरात कुठलाही विषय निघाला की ते “आमच्या नाटकाच्या वेळी” अशी सुरुवात करायचे. त्या प्रयोगात नेमकं काय झालं हे दोघांनाच ठाऊक होतं. एक, तिसऱ्या रांगेत बसलेल्या उत्तराबाईंना. दुसरे स्वतः चिंतामणराव, पण ते सोयीस्कर विसरले होते.

सृष्टीला मात्र हे काही माहीत नव्हतं. तिला काकांच्या रूपानं देवच भेटला. तसं पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. रंगनाथनं नामपूरच्या स्टँडजवळ गाळा घेऊन ठेवला होता. ‘सृष्टी मेडिकल’ असा बोर्डही रंगवून झाला होता आणि गेलं वर्षभर तो कांदाचाळीत बारदानाखाली झाकून पडला होता. गावातले लोक येता-जाता विचारायचे. रंगनाथचा रोज फोन यायचा.

“बेटा, बोर्ड तयार शे. यंदा तं पास व्हशी ना?”

“हो, बाबा.”

“नाय तं मंग आपन गाळा देऊन टाकू. तुझी आई म्हने, पाहुने येऊन राहिले, एकदाचं उरकून टाकू.”

फोन ठेवला की सृष्टी भिंतीकडे बघत बसायची. बिचारीला लग्नाचं वावडं नव्हतं, पण बोर्डावर नाव लागायच्या आधीच तो उतरलेला तिला बघायचा नव्हता.

तालीम दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू झाली. मॅडमनी पेशंटची माहिती एका ओळीत दिली होती. पन्नाशी उलटलेला पुरुष, मधुमेह नुकताच कळलेला, गोळ्या वेळेवर घेत नाही.

“एवढ्यात काय भूमिका उभी राहते?” चिंतामणराव नाराज झाले. “माणूस कोण? कुठला? याला दुःख काय? मी असं धरलंय, की याचं नाव आबासाहेब. मोठा बागायतदार. मुलगा ऐकत नाही. आईचं छत्र लहानपणीच हरपलेलं.”

“काका, आईचं कशाला?”

“वेदना, सृष्टी! वेदना पाहिजे. कर सुरुवात.”

सृष्टीनं पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं काहीतरी केलं आणि डायनिंग टेबलाकडे बघत पुटपुटली, “नमस्कार. मी तुमची फार्मासिस्ट. तुमचं नाव...”

“नाव?” चिंतामणराव खुर्चीतून अर्धे उठले. “नाव विचारतेस, पोरी? ज्या नावाला पंचक्रोशी वाकून नमस्कार करायची, त्या आबासाहेबाला आज एक चमचा साखरेनं...”

हे असं बराच वेळ चाललं. त्यात मुलगा येऊन गेला, आईचं छत्र दोनदा हरपलं, द्राक्षबागेवर गारा पडल्या. सृष्टी चार वेळा तोंड उघडून मिटून बसली. शेवटी स्वयंपाकघरातून उत्तराबाई ओरडल्या, “अहो, परीक्षा तिची आहे! तिला बोलू द्या की!”

“ती बोलेल गं. आधी समोरचा पेशंट खरा वाटला पाहिजे. खरा वाटला की शब्द आपोआप फुटतात. आमच्या नाटकाच्या वेळी...”

“नाचता येईना अंगण वाकडं,” उत्तराबाई म्हणाल्या, पण कुकरच्या शिट्टीत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आता भूमिका खरी वाटायची तर ती जगायला हवी, असं चिंतामणरावांनी ठरवलं. सृष्टीच्या पुस्तकातून त्यांनी लक्षणं पाठ केली. वारंवार तहान लागणे, सारखं लघवीला लागणे, थकवा, वजन कमी होणे, अंधुक दिसणे. आणि काय सांगावं, या माणसाच्या अंगात उपजतच कला असावी! पाठ केल्या केल्या सगळं जमायलाच लागलं. तहान तर अशी लागायची की तांब्या पुरेना. जिना चढला की दम लागे. पेपरातली अक्षरं पुसट दिसत. विजार कमरेला सैल व्हायला लागली.

“बघ,” नाडी आवळत ते उत्तराबाईंना अभिमानानं म्हणाले, “भूमिका अशी अंगात भिनते. रात्रीसुद्धा चार-चारदा उठतो. झोपेतही मी आबासाहेबच असतो!”

“आबासाहेबांना सांगा, बाथरूमचा दिवा बंद करत जा म्हणावं,” उत्तराबाई म्हणाल्या.

मग एक दिवस भूमिका घराबाहेर पडली. सकाळी फिरून झाल्यावर सोसायटीतली चार मंडळी मुक्तिधाम मंदिराजवळच्या टपरीवर चहा घ्यायची. चिंतामणरावांचा चहा म्हणजे नुसता पाक. त्यांच्या ग्लासात चहावाला न विचारता जादा साखर घालायचा. त्या दिवशी चिंतामणरावांनी हात वर केला.

“मला बिनसाखरेचा.”

सोसायटीचे सेक्रेटरी ललितभाऊ बिस्कीट चहात बुडवत होते. ते तिथेच विरघळून तळाशी गेलं.

“चिंतामणराव, काय झालं हो?”

चिंतामणरावांनी दूर बघत एक उसासा टाकला. “विचारू नका,” ते म्हणाले.

आता यात खोटं काय बोलले ते? काहीच नाही. पण ललितभाऊ म्हणजे सोसायटीचं चालतं-बोलतं आकाशवाणी केंद्र. चिंतामणराव घरी पोचायच्या आत चारही मजल्यांना कळलं, की त्यांची साखर वाढलीय. दुपारपर्यंत ती चारशेवर गेली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची चैताली आईनं पाठवलेलं सूप घेऊन आली आणि दारातच हळू आवाजात उत्तराबाईंना म्हणाली, “काकू, काकांच्या पायाला काही झालं नाही ना? म्हणजे... कापावा वगैरे लागणार नाही ना?”

उत्तराबाईंनी आत येऊन नवऱ्यासमोर कंबरेवर हात ठेवले. “ऐकलंत? लोक तुमचा पाय कापायला निघालेत. खरं सांगून टाका.”

“परीक्षा होईपर्यंत नाही,” चिंतामणराव म्हणाले. “भूमिका मध्येच सोडली की मरते.”

उत्तराबाईंनी कंबरेवरचे हात खाली घेतले. नवऱ्याचा साखरेचा डबा त्यांनी किती वर्षं लपवून पाहिला होता आणि त्यानं तो दर वेळी कसा शोधून काढला होता, हे त्यांना आठवलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीक हसू आलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग नीट जगा भूमिका. आजपासून घरात श्रीखंड बंद, आंब्याची पोळी बंद आणि रात्रीचा तो गुळाचा खडाही बंद.”

“अगं, घरात कशाला? घरात कोण बघतंय?”

“मध्येच सोडली की मरते ना?”

तिसऱ्या मजल्यावर भागीबाई राहायच्या. मुलगा नाशिकमधल्या अंबडला कारखान्यात होता, म्हणून त्या गाव सोडून इथे आलेल्या. ज्याला-त्याला औषध सांगणं हा त्यांचा धर्म होता. त्या दुसऱ्या दिवशी उजाडताच पेलाभर हिरवागार रस घेऊन हजर.

“कारल्याचा हाय. अनशापोटी एका दमात. माझ्या दिराची साखर पळून गेली यानं.”

“आता कसे आहेत दीर?”

“ते लय आधी गेले. पन साखर नव्हती जाताना.”

चिंतामणरावांनी उत्तराबाईंकडे बघितलं. उत्तराबाई छताकडे बघत होत्या. आबासाहेबांनी डोळे मिटून पेला रिकामा केला आणि पुढचा तासभर त्यांच्या चेहऱ्यावर जी वेदना होती तिला कुठल्याही आईचं छत्र हरपायची गरज नव्हती.

भागीबाईंचा रस रोजचाच झाला. मग मेथीचे दाणे आले, जांभळाच्या बियांची पूड आली. एक दिवस भागीबाई म्हणाल्या, “हे घेतोस ना? मंग त्या डाक्टरी गोळ्या फेकून दे. माझ्या साखरेवरच्या गोळ्या बी मी आता निम्म्याच खाते.”

कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली सृष्टी ताडकन उठली.

“आजी, कोन्त्या गोळ्या निम्म्या केल्या? दाखवा बरं. हे पाहा, असं नाय करायचं. रस प्यायचा तं प्या, पन गोळी कमी-जास्त डॉक्टरला इचारल्याबिगर नाय करायची. चक्कर येऊन पडले म्हंजे कोन उचलीन तुम्हाले? सकाळची ही, रातची ही. सांगा पाहू मला परत, कोन्ती कधी?”

भागीबाईंनी शाळकरी पोरीसारखं घडाघडा परत सांगितलं. त्या गेल्यावर उत्तराबाई थक्क होऊन म्हणाल्या, “अगं, हेच तर परीक्षेत करायचंय ना?”

सृष्टीचा चेहरा पडला. “ते घरच्यावानी बोलली मी, काकू. तिथे शुद्ध बोलावं लागतं. वर्गात एकदा मी असं बोलली तं मागून पोरी हसल्या. आता परीक्षकांसमोर उभी राहिली का आधी शब्द शुद्ध आहे का नाही ते तपासते, आणि तपासता तपासता बोलायचंच राहून जातं.” आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. उत्तराबाईंनी तिला जवळ घेतलं. आपण इतके दिवस नुसती मजा बघत होतो, याचं त्यांना वाईट वाटलं.

इकडे बातमी पुण्याला पोचली. ती कुणी पोचवली हे सांगायला नकोच. चिंतामणरावांचा मुलगा मयुरेश शनिवारी सकाळी बॅग घेऊन दारात. त्याच दिवशी सोसायटीचा सत्यनारायण होता.

“बाबा, तुम्ही मला कळवलंसुद्धा नाही? ललितकाकांकडून कळावं मला? उपाशी आहात ना? चला, आत्ताच्या आत्ता लॅबमध्ये. सगळ्या तपासण्या करून घेऊ.”

चिंतामणरावांची पंचाईत झाली. लॅबमध्ये गेलो की साखर निघणार नाही. साखर निघाली नाही की सोसायटीभर छी-थू होणार. त्यापेक्षा आपण होऊन सांगितलेलं काय वाईट? शिवाय एवढ्या लोकांना इतके दिवस पत्ता लागू दिला नाही, ही काय लहान गोष्ट होती? कुणीतरी दाद द्यायला नको?

“आधी पूजा, मग लॅब,” म्हणून त्यांनी मयुरेशला थोपवलं. पूजेनंतर प्रसादाचे द्रोण फिरायला लागले. ललितभाऊंनी चिंतामणरावांच्या द्रोणात मोजून बेदाण्याएवढा शिरा ठेवला. “नावापुरता घ्या. देव समजून घेईल.”

चिंतामणराव उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “मंडळी, आज मला एक सांगायचंय. मला मधुमेह नाही. कधीच नव्हता. तो अभिनय होता!”

चिंतामणराव टाळ्यांसाठी थांबले होते.

“म्हंजे?” भागीबाईंचा आवाज आला. “माझा रस? म्या रोज पहाटं उठून कारली किसली ती फुकट?”

“आणि माझं बिस्कीट?” ललितभाऊ म्हणाले. का कुणास ठाऊक, पण त्यांना तेच आठवलं.

मयुरेश कपाळाला हात लावून बसला. “बाबा, मी रजा टाकून आलोय.”

सृष्टी पुढे झाली, हात जोडले. “माझ्यासाठी केलं काकांनी. माझ्या परीक्षेसाठी.” तिच्याकडे बघून लोक जरा निवळले. पण ललितभाऊंनी जाताना बोट नाचवून सांगितलं, “चिंतामणराव, तुमचा अभिनय मानला. पण यापुढे तुम्ही जमिनीवर गडबडा लोळलात तरी मी पाणीसुद्धा आणायचो नाही.”

मयुरेश त्याच रात्रीच्या गाडीनं परत गेला. लॅबचा विषय अर्थातच संपला. त्या दिवशी चिंतामणरावांनी साठवून ठेवलेली सगळी हौस भागवली. शिऱ्याचे तीन द्रोण झाले. आणि तहान? ती काही जाईना. “अजून भूमिका उतरली नाही,” तांब्या तोंडाला लावत ते म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी चिंतामणराव झब्बा आणि जाकीट घालून निघाले. आबासाहेब शोभायला हवेत! रिक्षात सृष्टीचे ओठ हलत होते. तिला धीर देत ते म्हणाले, “तू काळजी करू नकोस. तू अडलीस की मी सांभाळून घेईन. आमच्या नाटकाच्या वेळी...”

“नाटकाच्या वेळी काय झालं होतं, काका?”

“झालं म्हणजे... गाजलं होतं.”

प्रयोगशाळेत टेबलामागे कॉलेजच्या मॅडम बसल्या होत्या. शेजारी बाहेरगावच्या परीक्षक बाई. जाड भिंगाचा चष्मा, हातात पेन, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा शिस्तीत. मागे भिंतीला टेकून बाकीचे विद्यार्थी आणि त्यांचे पेशंट. म्हणजे प्रेक्षकच की हो!

चिंतामणराव खुर्चीत बसले, समोर बघितलं, आणि त्यांची जीभ टाळूला चिकटली. इतक्या वर्षांनी त्यांना तो प्रयोग लख्ख आठवला. त्यांना एकच वाक्य होतं, ‘सरकार, पत्र आलंय.’ पत्र घेऊन ते आले, उभे राहिले आणि उभेच राहिले. प्रॉम्प्टर ‘सरकार, पत्र आलंय’ असं ओरडून ओरडून थकला. तिसऱ्या रांगेपर्यंत सगळ्यांना पत्र आल्याचं कळलं, फक्त सरकारांना कळलं नाही.

“सुरू करा,” परीक्षक बाई म्हणाल्या.

“नमस्कार,” सृष्टी म्हणाली. “मी तुमची फार्मासिस्ट. तुमचं नाव?”

चिंतामणराव गप्प.

“तुमचं नाव काय, काका?”

आबासाहेब गेले, बागायत गेली, आईचं छत्रसुद्धा गेलं. चिंतामणरावांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. सृष्टीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि या माणसाची आपल्यासारखीच गत झालीय हे तिला कळलं. दोघं एकमेकांकडे बघत बसले. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“बरं, आधी रक्तशर्करा तपासून दाखवा,” परीक्षक बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत म्हणाल्या. “पेशंटची परवानगी घ्या आणि खरीखुरी तपासा. काका, अभिनय छान आहे. घामसुद्धा आणलात.”

चिंतामणरावांनी मान डोलवली आणि बोट पुढे केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते असं अक्षरशः घडलेलं कुणी क्वचितच पाहिलं असेल. सृष्टीनं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. यंत्रानं टुंग केलं. ती आकड्याकडे बघत राहिली.

“किती?”

“तीनशे अठरा.”

मॅडम झटकन म्हणाल्या, “पट्टी खराब असेल.”

सृष्टीनं डब्यावरची तारीख बघितली. मग काहीच न बोलता चिंतामणरावांना उठवलं, नळावर नेलं, साबणानं हात धुवायला लावले, कोरडे केले. बोटाला गोड लागलेलं असलं तरी आकडा चढतो, हे तिला माहीत होतं. नवी पट्टी, दुसरं बोट. टुंग.

“तीनशे अकरा.”

चिंतामणराव केविलवाणं हसले. आता कुठे त्यांना वाचा फुटली. “अगं, भूमिका जरा जास्तच भिनली वाटतं.”

आणि सृष्टीचा बांध फुटला.

“काका, हाई नाटक नही शे! तुमले खरंच साखर शे!” ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्यांचा हात हातात धरून. “ती तहान खरी होती. रातचं उठनं खरं होतं. विजार ढिली झाली ती बी खरी! माझ्या डोळ्यांम्होरं होतं सगळं, अन् मी बी नाटक समजत राहिली. आता ऐका. घाबरायचं नाय, पन टाळायचं बी नाय. मी तुम्हाला गोळी देनार नाय, कारन ते माझं काम नाय. इथून उठून थेट डॉक्टरकडे जायचं, आजच. ते गोळी लिहून देतील, ती कशी घ्यायची ते मी सांगीन. भागीआजीनं कितीबी रस पाजला तरी गोळी सोडायची नाय. शिरा बंद. गुळाचा खडा बंद. मला ठाव हाय तो कुठं लपवता, घड्याळाच्या मागं. पायाला जखम झाली का लगेच दाखवायची. आता मला परत सांगा, इथून कुठं जायचं?”

“डॉक्टरकडे,” चिंतामणराव म्हणाले.

“कधी?”

“आजच.”

“गुळाचा खडा?”

“बंद,” चिंतामणराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते काही आबासाहेबांचं नव्हतं.

मागे आता कुणी हसत नव्हतं. सृष्टी भानावर आली, आपण काय भाषेत बोललो हे तिच्या लक्षात आलं आणि ती पांढरीफटक पडली. मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, “सॉरी हं, ती मूळची ग्रामीण भागातली आहे, त्यामुळे जरा...”

“पेशंटला समजलं ना?” परीक्षक बाईंनी विचारलं. “मग राहू द्या. दिवसभर मी पुस्तकातलं पाठांतर ऐकतेय. आपण कुठे थांबायचं आणि पेशंटला कुठे पाठवायचं, हे सांगणारी ही पहिलीच.” मग त्यांनी चष्म्यावरून चिंतामणरावांकडे पाहिलं. “आणि काका, तुम्ही अजून इथेच?”

निकाल लागला. सृष्टी पास झाली, आणि नुसती पास नाही, त्या प्रॅक्टिकलला वर्गात पहिली. तिकडे नामपूरला बारदान निघालं आणि बोर्ड पुसायला घेतला गेला. लेकीला न्यायला रंगनाथ स्वतः आला, पेढ्यांचे खोके घेऊन. जमिनीपासून गच्चीपर्यंत सगळ्यांना पेढे वाटायचे असा त्याचा हट्ट. सोसायटीच्या आवारातच मंडळी जमली.

“साहेब, तुमच्यामुळं झालं सगळं,” असं म्हणत रंगनाथनं चिंतामणरावांच्या हातावर दोन पेढे ठेवले. चांगले बंद्या रुपयापेक्षा मोठे, वर वेलदोडा.

चिंतामणरावांनी पेढ्यांकडे बघितलं आणि आवंढा गिळला. “मला नको. मला... मला साखर आहे.”

ललितभाऊ आधी नुसते बघत राहिले. मग खो खो हसत सुटले. “झालं सुरू! अहो, परीक्षा संपली! पोरगी पास झाली! आता कशाला?”

“नाही हो, खरंच. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात.”

“वा! आज तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंय!”

“गप खा,” भागीबाई म्हणाल्या. “एकदा फसले, आता नाय फसायची. रस मागशील तर दांडकं आनीन.”

“अहो, शपथेवर सांगतो! उत्तरा, तू तरी सांग!”

उत्तराबाईंनी तोंडाला पदर लावला होता. त्यांचे खांदे हलत होते. त्यांना बोलताच येईना. चिंतामणराव हातात पेढे धरून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते, कळवळून, अगदी जीव तोडून. कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या आवारात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि ललितभाऊ ओरडले, “वन्स मोअर!”

ज्या टाळ्यांची चिंतामणरावांनी जन्मभर वाट पाहिली त्या अशा मिळाल्या, खरं बोलल्याबद्दल.

गर्दीतून सृष्टी पुढे आली. तिनं त्यांच्या हातातले दोन्ही पेढे उचलले, एक स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा भागीबाईंच्या पुढे केला, पण काहीतरी आठवून तो मागे घेऊन ललितभाऊंना दिला. मग तोंडातला पेढा संपवून तिनं सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात विचारलं, “काका, गोळी कधी घ्यायची? मोठ्यानं सांगा.”

चिंतामणरावांनी समोर बघितलं. एवढी माणसं! त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

“जेवताना!” उत्तराबाईंनी मागून प्रॉम्प्ट केलं. ते पार तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.